गाण्याची पहिली ओळख

नगरच्या नागापूर एमआयडीसीत पाळी सुटते तेव्हा गाणी चहूकडे वाजत असतात, पण येतात एकाच तोंडातून. टपरीवर बरणीला टेकवलेला मोबाइल, रिक्षात सीटमागे बसवलेला डबा, लग्नसराईत आणि गणपतीत ‘डॉल्बी’. आपल्याकडे डॉल्बी म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, तिचं पहिलं काम मात्र टेपवरची खरखर घालवण्याचं होतं. भिंत कितीही उंच असली तरी आवाज एकाच बाजूने अंगावर येतो. दुसरीकडे आता गाण्यांच्या ॲपमध्ये नव्या अल्बमवर ‘ॲटमॉस’ची खूण दिसू लागली आहे, म्हणजे सराउंड, चारी बाजूंनी आवाज. कधीही न ऐकलेला अल्बम पहिल्यांदा ऐकायचा तो कसा, हा प्रश्न त्यामुळे आपल्याही दाराशी आला आहे. माझं मत असं की पहिल्यांदा तो स्टिरिओत, म्हणजे डाव्या-उजव्या दोन आवाजांत ऐकावा. सराउंड नंतर.

याचा उत्तम दाखला आपल्याच मातीतला आहे. नागराज मंजुळे यांनी नगरच्या न्यू आर्ट्‌स महाविद्यालयात संज्ञापनाचं शिक्षण घेतलं. त्यांचा ‘सैराट’ हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ ला आला. अजय-अतुल यांनी त्याच्या गाण्यांसाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केलं. हॉलीवूडच्या चित्रपटांचं संगीत जिथे मुद्रित होतं, तिथे करमाळ्याकडच्या गोष्टीतली गाणी मुद्रित झाली. एवढी मेहनत घेतलेली गाणी महाराष्ट्राने पहिल्यांदा ऐकली ती बहुतेक मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरवर, नाहीतर वरातीत. ‘झिंगाट’ला त्याने फारसा धक्का लागला नाही, ते नाचायचंच गाणं. पण ‘याड लागलं’चं फार नुकसान झालं. वाद्यवृंदाची बैठक साधारण अशी असते की व्हायोलिनवाले निर्देशकाच्या डाव्या हाताला, चेलोवाले उजव्या हाताला. एका स्पीकरवर हे सगळे एकमेकांवर रचले जातात आणि गायकाच्या मागे नुसता एक दाट पडदा उरतो.

तेच गाणं दोन स्पीकरवर लावून पाहा. दहा बाय बाराच्या खोलीतही जमतं. दोन स्पीकर एकमेकांपासून सहा फुटांवर ठेवा, आपण दोघांपासून सहा फुटांवर बसा, म्हणजे समभुज त्रिकोण होतो. आता डोळे मिटा. अजय गोगावले यांचा आवाज बरोबर मधून येतो, जिथे एकही स्पीकर नाही. दोन्ही बाजूंनी तोच आवाज सारखा आला की मेंदू त्याला मध्यावर उभा करतो. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये या तंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि आजही संगीत मांडण्याची सर्वसाधारण रीत हीच आहे. बहुतेक अल्बममध्ये संगीतकार, गायक आणि मिक्सिंग करणारा यांनी मिळून ‘हे झालं’ म्हणून पक्की केलेली प्रत स्टिरिओची असते. पुष्कळदा सराउंड नंतर, कधी कधी वेगळ्याच हातांनी केलेलं असतं. अनोळखी गाण्याला भेटायचं तर त्याच्या कर्त्यांनी ज्या रूपावर सही केली, त्या रूपात भेटावं.

दुसरं कारण लक्षाचं आहे. नवं गाणं ऐकताना चाल पकडायची असते, शब्द समजून घ्यायचे असतात, ताल कुठे वळतो ते पाहायचं असतं. सराउंडमध्ये पाठीमागून बासरी आली की मन ‘कुठून आली?’ इकडे वळतं आणि ‘काय वाजली?’ हे राहून जातं. ओळखीच्या गाण्यात हेच सुख आहे, कारण चाल आधीच मनात बसलेली असते.

यावर कुणी म्हणेल, आयुष्यात आवाज चारी बाजूंनीच येतो, मग दोन स्पीकरची कैद कशाला? तो वारीचा दाखलाही देईल. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून नगरमार्गे पंढरपूरला जाते. दिंडीत चालणाऱ्याच्या पुढे-मागे टाळ, मधे मृदंग; याहून मोठं सराउंड कुठलं? पण त्या दिंडीतल्या माणसाला अभंग आधीच पाठ असतो. तो त्याला आजोबांच्या तोंडून, ओसरीवर, समोरासमोर मिळालेला असतो. दिंडी त्यानंतरची. माझं म्हणणं नेमकं या क्रमाचंच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चित्रपटाची गाणी थिएटरसाठीच असतात, म्हणजे त्यांचं खरं रूप सराउंडचंच. थिएटरपुरतं मला हे मान्य आहे. तिथे पडदा लक्ष सांभाळतो आणि गाणं गोष्टीच्या हाताला धरून चालतं. शिवाय तिथेही गाण्याचा मुख्य भाग सहसा पुढच्या स्पीकरमधून येतो, मागचे स्पीकर बहुधा घुमारा आणि वातावरण पुरवतात. घरी पडदा नसतो, आणि होम थिएटरचे मागचे दोन स्पीकर बऱ्याच घरांत शोकेसमध्ये टीव्हीशेजारीच बसलेले असतात. ते सराउंड नावापुरतंच.

मग १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर प्रसारित झालेलं ‘गीतरामायण’ लोकांनी रेडिओच्या एकाच स्पीकरवर ऐकलं, त्यांचं काय बिघडलं? काही नाही. गदिमांचे शब्द आणि बाबूजींची चाल एका स्पीकरमध्ये पूर्ण मावत होती, कारण ती ५६ गीतं रेडिओसाठीच बांधली होती. तिथे मोनो, म्हणजे एकाच स्पीकरसाठीची, हीच कर्त्यांची प्रत. म्हणून ‘गीतरामायण’ एका स्पीकरवर ऐकणारा काही गमावत नाही, ‘याड लागलं’ ऐकणारा गमावतो.

हा खर्चाचा विषय नाही. साध्या वायरच्या इअरफोनमध्ये स्टिरिओ पूर्ण मिळतं, आणि इअरफोनवरचं ‘सराउंड’सुद्धा शेवटी त्याच दोन बोंड्यांतून, कानाला चकवून उभं केलेलं असतं. फक्त एक बोंडी आपल्या कानात आणि दुसरी मित्राच्या कानात, ही सवय नव्या गाण्यापुरती सोडा. नाहीतर व्हायोलिन बरंचसं त्याच्याकडे जातं आणि चेलो तुमच्याकडे. या आठवड्यात एक न ऐकलेला अल्बम निवडा, दोन्ही बोंड्या कानांत घाला, डावं डावीकडे आणि उजवं उजवीकडे आहे ना बघा, आणि मधे न थांबता शेवटपर्यंत ऐका.