गाडी रात्री झोपते कुठे?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूचं निमित्त होतंच, पण खरं सांगायचं तर आळस. आज मात्र राग आलाय, आणि राग आला की मला लिहिता येतं.

झालं असं, की दिवाळीत सगळे जमले होते. भाचा फराळाची बशी हातात घेऊन म्हणाला, "पाहिलंस ना मावशी? 9 ऑक्टोबरला मेट्रो 3 कफ परेडपर्यंत सुरू झाली. आता विचार त्या झाडवाल्यांना, काय मिळवलंत?" समोर माझी नात बसली होती. 2019 च्या ऑक्टोबरात ही मुलगी आरेच्या नाक्यावरून पहाटे घरी आली होती, पायात एकच चप्पल. ती काही बोलली नाही. बशी ठेवली आणि आत गेली. आजतागायत ती त्या मेट्रोत बसलेली नाही.

मी बसले आहे, दोनदा. गाडी छान आहे, गारेगार आहे, आणि माझ्या गुडघ्यांना तिने फार सुख दिलं. हे आधीच कबूल करते, नाहीतर भाचा खाली येऊन लिहीलच.

आता भांडणाचं. "कारशेड" हा शब्द या दहा-बारा वर्षांत मुंबईत जवळजवळ शिवी झाला. एका बाजूला वाटतं ते गाड्या लावायचं गॅरेज, कुठेही हलवा! दुसऱ्या बाजूला ते विकासाचं देऊळ, हात लावाल तर देशद्रोही. मला दोघांचाही राग येतो, कारण मी कारशेडच्या भाकरीवर वाढले.

माझे वडील कुर्ला कारशेडला फिटर होते. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी धावली, त्या मार्गाच्या टोकाला आमचं कुर्ला. बाबांची बहुतेक रात्रपाळी असायची. गाडी रात्री दीडला निजते आणि चारला उठते, मधल्या अडीच तासांत तिचं सगळं बघायचं, असं ते सांगत. रुळांखाली माणूस उभा राहील इतका खोल खड्डा असतो, त्याला पिट म्हणतात. त्यात उतरून डोक्यावर डबा, हातात बॅटरी, आणि ब्रेकचे ठोकळे झिजलेत का, मोटरचे बोल्ट ढिले झालेत का, हे एकेक करून पाहायचं. वरच्या तारेची वीज बंद केल्याशिवाय टपावर कोणी चढायचं नाही. सकाळी बाबांनी नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा. आईने ते रुमाल वेगळ्या बादलीत धुतले, शेवटपर्यंत.

तेव्हा कारशेड म्हणजे गॅरेज नव्हे. गाडीचं घर, दवाखाना आणि न्हाणीघर एकाच आवारात. मेट्रो 3 चंच पाहा. 33.5 किलोमीटर, 27 स्थानकं, आठ डब्यांच्या 31 गाड्या. एक डबा बावीसेक मीटरचा, म्हणजे एक गाडी पावणेदोनशे मीटर. अशा 31 रात्री सरळ रुळांवर उभ्या करायच्या. त्याशिवाय तपासणीचे पिट, डबे उचलायच्या जॅकची मोठी शेड, चाकं झिजून वेडीवाकडी झाली की ती गाडीखालीच तासायचं यंत्र, धुण्याचा प्लँट, ते तेलकट पाणी साफ करायची टाकी, आणि दुरुस्त गाडी पळवून पाहायला वेगळा रूळ. वळणावर हे बसत नाही. सपाट, सलग जागा लागते, आणि ती मार्गाच्या जवळ लागते. डेपो लांब असला तर गाडी रोज रिकामीच जा-ये करते आणि तिला बघायचे तास कमी होतात. म्हणून "डेपो काय, कुठेही न्या" म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, एक रात्र पिटमध्ये उतरून या. नात, हे तुलाही.

आता भाच्याकडे वळते.

अरे, डेपो इतका महत्त्वाचा, तर तो नकाशात सर्वांत आधी ठरायला हवा की नको? लग्न ठरलं, पत्रिका छापल्या, आणि कार्यालय कुठे हे वऱ्हाड निघाल्यावर सांगायचं? मार्गाचं नाव वर्षानुवर्षं काय होतं? कुलाबा-वांद्रे-सीप्झ. त्यात आरे कुठे आहे? डेपो सीप्झच्या पुढे, शेपटाला. 26 स्थानकं जमिनीखाली आणि फक्त आरेचं जमिनीवर. ऑगस्ट 2014 ला भूमिपूजन झालं, आणि जागेवरून ओरड झाल्यावर तिचा विचार करायला तज्ज्ञांची समिती बसली! त्या समितीतल्या दोन तज्ज्ञांनी वेगळं मत नोंदवलं, तेही बाजूला राहिलं. याला नियोजन म्हणत नाहीत. गणिताचं उत्तर पाठीमागे पाहून पायऱ्या लिहिणं म्हणतात. असे पेपर मी तीस वर्षं तपासले आहेत, मला ओळखू येतात.

मग म्हणतात, आरे जवळजवळ 1,300 हेक्टर, आम्ही घेतली जेमतेम तीसेक, दोन-अडीच टक्के! मुलं वहीचं पान फाडतात ना, तेव्हा हेच सांगतात, बाई एकच पान. पण पान शिवणीतलं असलं की पलीकडचं, कोरं पानसुद्धा सुटून येतं. ही जागा मिठी नदीला लागून आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीने काय केलं ते कुर्ल्याच्या माणसाला शिकवू नका. आमच्या जुन्या शेजाऱ्यांच्या घरात छताच्या पंख्यापर्यंत पाणी होतं. शिवाय तिथल्या पाड्यांवरची माणसं कोणाच्याच टक्केवारीत धरलेली नव्हती.

आणि ती रात्र. 4 ऑक्टोबर 2019 ला सकाळी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या. संध्याकाळी करवती सुरू. जमावबंदी लागली, 29 जणांना अटक झाली. सोमवारी, 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबा म्हटलं, तोवर 2,141 झाडं खाली आली होती. भाच्या, मला एवढंच सांग, हक्क होता, निकाल हातात होता, तर दोन दिवस धीर का नव्हता? कोणाच्या पुढच्या दाराची भीती होती?

पुढचं सगळं तर तमाशाच. नोव्हेंबर 2019 ला कामाला स्थगिती. ऑक्टोबर 2020 ला डेपो कांजूरमार्गला. त्या मिठागराच्या जमिनीवर राज्य म्हणे माझी, केंद्र म्हणे माझी. डिसेंबरात उच्च न्यायालयाने तेही थांबवलं. 2022 ला सरकार बदललं, डेपो पुन्हा आरेत. आणि एप्रिल 2023 ला त्याच कांजूरमार्गची 15 हेक्टर जमीन मेट्रो 6 च्या डेपोसाठी दिली गेली! म्हणजे जमीन वाईट नव्हती, मालक भांडत होते. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आरेत आणखी 177 झाडं तोडायची परवानगी दिली, पण 84 झाडांची परवानगी असताना मर्यादा ओलांडू पाहिली म्हणून मेट्रो कंपनीला 10 लाख दंडही ठोठावला. खर्च 23,136 कोटींवरून 37,276 कोटींवर गेला. हे सगळं बिल आंदोलन करणाऱ्या पोरांच्या नावावर फाडायचं? भुयारं, करोना, आणि दोन सरकारांचं जमिनीवरचं भांडण, हे कोणाच्या खात्यात?

(हा हिशेब लिहिताना चहा गार झाला. असो.)

आरेची जागा तांत्रिक दृष्ट्या सोयीची होती, हे मी मान्य करते. बाबा असते तर त्यांनीही सोयीचीच म्हटली असती. पण मग ते भूमिपूजनाच्या आधी आमच्यासमोर मांडायचं होतं. रेसकोर्स पाहिलं, कलिना पाहिलं, बीकेसी पाहिलं, ते का नको? महागड्या जमिनीचा मोह नडला की वळणाचा रूळ? मराठीत, साध्या भाषेत, नकाशा भिंतीवर लावून सांगायचं होतं. आणि आम्हीही शहाणे. "स्टेशन माझ्या दारात येणार ना?" एवढंच विचारलं. गाडी रात्री झोपते कुठे, हे मी, फिटरची मुलगी, मीसुद्धा 2014 ला विचारलं नाही.

मेट्रो 4 चा डेपो ठाण्याला मोघरपाड्याला आहे. तिथली जमीन कसणारे शेतकरी कधीपासून बोलताहेत. त्यांचं म्हणणं वाचलंय का घरात कोणी?

भाच्या, उत्तर इथेच खाली लिही. फोन करून "मावशी तू पण ना" म्हणू नकोस. आणि नात रविवारी येणार आहे, तिला मी कुर्ल्याला नेणार आहे. कारशेडच्या भिंतीबाहेरच्या पुलावरून गाड्या दिसतात.