वर्गणीतून चित्र का येऊ नये?



मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज या लिलावघरात मकबूल फिदा हुसेन यांचं 'ग्राम यात्रा' हे चित्र विकलं गेलं. किंमत १ कोटी ३७ लाख डॉलरच्या पुढे, म्हणजे आपल्या हिशोबात साधारण ११८ कोटी रुपये. हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपूरचा. आपल्याच जिल्ह्यातला माणूस! बातमी वाचल्यावर आमच्या शिक्षक खोलीत पहिली प्रतिक्रिया उमटली ती अशी : "एवढ्या पैशात किती वर्गखोल्या झाल्या असत्या हो!" प्रतिक्रिया चुकीची नाही. पत्रे गळणाऱ्या शाळेत शिकवलेल्या माणसाच्या मनात हेच येणार. पण त्या चित्राचा पुढचा-मागचा प्रवास वाचला आणि मला वेगळंच काही सुचलं, ते इथे मांडतो.

जवळपास चौदा फूट लांबीचं हे चित्र १९५४ सालचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेल्या डॉ. व्होलोदार्स्की नावाच्या शल्यचिकित्सकाने ते त्याच सुमारास विकत घेतलं आणि नॉर्वेला नेलं. पुढे त्यांनी ते ओस्लोच्या रुग्णालयाला देऊन टाकलं. तिथल्या भिंतीवर ते कित्येक वर्षं होतं. आता विक्रीतून आलेला पैसा तिथे डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी वापरायचा असं ठरलेलं आहे. म्हणजे एका माणसाने हौसेने घेतलेलं चित्र दान केलं, आणि सत्तर वर्षांनी त्यातून डॉक्टर घडणार. खरेदीदार म्हणून वृत्तपत्रांत नाव आलं ते किरण नाडर यांचं, ज्यांचं दिल्लीत स्वतःचं कलासंग्रहालय आहे.

या सगळ्या गोष्टीत सोलापूर कुठे आहे? जन्मदाखल्यावर. बस्स.

सोलापूरने ११८ कोटींचं चित्र घ्यावं असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. माझं म्हणणं त्यापेक्षा खूप लहान आहे. आपल्याकडे वर्गणी गोळा करायची सवय जबरदस्त आहे. गणपती, नवरात्र, मंदिराचा सभामंडप, समाजाचं मंगल कार्यालय, शाळेची खोली. देणगीदाराच्या नावाची फरशी नसलेली भिंत शोधून दाखवा. पण सर्वांना पाहता यावी म्हणून एखादी कलाकृती किंवा जुनी वस्तू विकत घ्यायला वर्गणी काढली, असं तुम्ही आपल्या गावात कधी ऐकलंय का? मी तरी ऐकलेलं नाही.

इंग्लंडात ही सवय सव्वाशे वर्षांची होत आली. १९०३ साली काही चित्रकार आणि कलाप्रेमी एकत्र आले. चांगली चांगली चित्रं श्रीमंत अमेरिकन लोक विकत घेऊन जात होते आणि सरकारी संग्रहालयांच्या तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. म्हणून वार्षिक वर्गणी भरणाऱ्या सभासदांचा एक निधी काढला. आज त्याला आर्ट फंड म्हणतात. १९०६ साली त्यांनी ४५ हजार पौंड उभे करून वेलाझ्केझचं एक प्रसिद्ध चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीला मिळवून दिलं. (आठच वर्षांनी मतदानाचा हक्क मागणाऱ्या एका बाईने त्याच चित्रावर सुरीचे घाव घातले, ती वेगळीच गोष्ट. इतिहासाच्या शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी.) तेव्हापासून पद्धत साधारण तीच आहे. संग्रहालयाने काय घ्यायचं ते सांगायचं, जाणकारांनी वस्तू आणि किंमत दोन्ही तपासायची, निधीने काही भाग द्यायचा, उरलेला संग्रहालयाने उभा करायचा. देणाऱ्यांत लॉर्डही असतात आणि पेन्शनवर जगणाऱ्या शिक्षिकाही.

आता आपल्याकडे बघू. आपल्याकडे दान नव्हतं असं मुळीच नाही. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९०५ साली पायाभरणी झाली तेव्हापासून लोकांच्या पैशावर उभं राहिलंय. सर करीमभाई इब्राहिम यांनी त्या काळात ३ लाख रुपये दिले होते. पुढे रतन टाटा आणि दोराब टाटा या दोघा भावांचे संग्रह तिथे आले. सहलीला गेलेली मुलं ज्या दालनांत "सर, हे केवढ्याचं असेल?" असं विचारत फिरतात, त्यांतला मोठा भाग कुणाच्या तरी घरातून आलेला आहे.

औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी डोंगरावर १९३८ साली संग्रहालय उघडलं. संस्थान म्हणाल तर एवढंसं, पण तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पही आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांचं तर चष्म्याचं दुकान. राजा नव्हते, उद्योगपती नव्हते. गावोगाव हिंडून त्यांनी दिवे, अडकित्ते, कलमदान, दरवाजे, वाद्यं जमवली. मुलगा लहानपणी गेला, त्याच्या नावाने संग्रहालय केलं आणि १९७५ साली वीस हजारांच्या घरातला तो संग्रह सरकारच्या हवाली केला. या कामात पत्नी कमलाबाई बरोबरीने होत्या. आपण पाठ्यपुस्तकात दानशूर म्हणून कर्ण शिकवतो, ते ठीकच आहे, पण केळकरांची गोष्ट मुलांना जास्त जवळची वाटते असा माझा अनुभव आहे, कारण अडकित्ता त्यांनी आजीच्या हातात पाहिलेला असतो.

आणि मला सगळ्यात जवळचं वाटतं ते तेर. सोलापूरहून सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून आपण सहली नेतो, दर्शन घेतो, डबा खातो आणि परततो. पण हेच गाव म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं तगर. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे. इथला माल गाड्यांतून भडोचला जायचा आणि तिथून जहाजाने रोमकडे. गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांवर पाऊस पडून गेला की मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर दिसायला लागायच्या. इतरांना ते खापराचे तुकडे वाटत होते. रामलिंगप्पा लामतुरे या गावकऱ्याला तसं वाटलं नाही. त्यांनी आयुष्यभर ते जपलं, आणि आज त्यांच्याच नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय तेरमध्ये आहे. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती बघा आणि मग इटलीतल्या पाँपेईच्या राखेतून १९३८ साली निघालेल्या हस्तिदंती मूर्तीचा फोटो बघा. नात्यातल्या वाटाव्यात इतक्या जवळच्या. सातवीच्या मुलांना व्यापार हा धडा शिकवायला यापेक्षा चांगलं साधन मला तरी माहीत नाही. लामतुरेंनी वस्तू उचलून ठेवल्या नसत्या तर त्यातलं बरंचसं नांगराखाली किंवा व्यापाऱ्याच्या पिशवीत गेलं असतं.

पण केळकर, लामतुरे, पंतप्रतिनिधी ही सगळी एकेकटी माणसं. नाद लागलेली. असा माणूस गावात जन्मला तर ठीक, नाही जन्मला तर? आर्ट फंडासारख्या निधीचं महत्त्व इथे आहे. तिथे नाद एका माणसावर अवलंबून राहत नाही, त्याची संस्था होते.

अलीकडे आपल्याकडेही हालचाल दिसते. राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून नागपूरच्या रघुजी भोसले यांची तलवार सुमारे ४७ लाखांना घेतली. त्याच वर्षी पिप्रहवा इथे १८९८ साली सापडलेली, बुद्धांच्या अस्थींसोबतची रत्नं हाँगकाँगच्या लिलावात निघाली होती. भारत सरकारने आक्षेप घेतला, लिलाव थांबला आणि गोदरेज समूहाने पैसा घालून ती परत आणली. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात, आणि त्या यादीत वारसा, कला, सार्वजनिक ग्रंथालयं, पारंपरिक हस्तकला हे सगळं आहे. म्हणजे दार उघडं आहे. पण तलवार आणि रत्नं यांची बातमी होते. सोलापूरच्या वस्तूंची कोण करणार?

मागच्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलाने प्रकल्पासाठी घरून दोन कागद आणले. आलेखाच्या चौकोनांवर रंगवलेला मोर आणि वेलबुट्टी. त्याच्या पणजोबांनी चादरीसाठी काढलेली नक्षी. एकेक चौकोन म्हणजे एकेक धागा. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, ते पुठ्ठे जॅकार्डवर चढवायचे, मग मागावर मोर उतरायचा. मी विचारलं, अजून आहेत का? तो म्हणाला, "लई होते सर, पोतंभर. घर रंगवताना रद्दीत घातले." रद्दीचा भाव तुम्हाला ठाऊक आहे. पोत्याचे दीड-दोनशे आले असतील.

ज्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, जिच्या नावावर शहर ओळखलं जातं, तिची मूळ चित्रं अशी जातात. पद्मशाली घरांमधून तीन-चार पिढ्यांचे असे कागद माळ्यावर आहेत, त्यांवर तेलुगूत लिहिलेले हिशोब आहेत. गिरण्यांचे बिल्ले, पगाराची कार्डं, कापडाच्या गठ्ठ्यांवरची रंगीत लेबलं आहेत. १९३०च्या मार्शल लॉच्या दिवसांतली पत्रं कुणाच्या पेटीत असतील. ही कला नाही का? चौकोनात रंगवलेला तो मोर कुठल्याही गॅलरीच्या भिंतीवर शोभला असता.

इथे एक हरकत येते आणि ती खरी आहे. संग्रहालयाला दिलं की वस्तू कुलपात जाते. केळकर संग्रहालयातसुद्धा एका वेळी संग्रहाचा थोडाच भाग मांडलेला असतो, जागाच तेवढी. त्यात आपल्याकडे देणगी म्हटली की वस्तूपेक्षा नावाची पाटी मोठी. शिवाय "फुकट देतील की, विकत कशाला घ्यायचं?" असंही लोक म्हणतात. मला हे शेवटचं पटत नाही. विणकराच्या घरात पैशाची ओढ असते. त्याच्याकडून फुकट मागायचं आणि तेच पुढे कुणी दलालाने घेऊन मुंबईत चौकटीत लावून विकायचं, हा न्याय नाही. योग्य किंमत द्यावी, पावती द्यावी, कुणाच्या घरातून आलं ते लिहून ठेवावं. देणगीदाराच्या पाटीच्या वर त्या विणकराचं नाव असावं. आणि निधीची पहिली अटच अशी ठेवावी की वस्तू वर्षातून ठरावीक दिवस मुलांसमोर आली पाहिजे, नाहीतर पैसे परत.

वर्गखोल्यांच्या मुद्द्याचं काय? वर्गखोली बांधणं ही सरकारची जबाबदारी आहे, ती मागत राहायलाच हवी. पण मंडपाच्या रोषणाईवर एका रात्रीत जळणारा पैसा वर्गखोलीतून आलेला नसतो. माझा डोळा त्या पैशावर आहे.

सुरुवात छोटी करता येईल. पालकसभेत शंभर रुपयांची ऐच्छिक वर्गणी, चार-पाच शाळा मिळून एक खातं, एखाद्या जुन्या वाचनालयाची किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाची साथ. किंमत ठरवायला एक चित्रकला शिक्षक, एक विणकर आणि एक बाहेरचा जाणकार. शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्ती, चित्रं अशा गोष्टींना १९७२च्या पुरावशेष कायद्याची नोंदणी लागू होते, म्हणून शाळेने त्या परस्पर ठेवून घेऊ नयेत, पुरातत्त्व विभागाला कळवावं. आपण कागद, लेबलं, नक्षीचे नमुने, पुठ्ठे एवढ्यावरच थांबू.

आमच्या शाळेची पालकसभा दिवाळीच्या सुट्टीआधी आहे, तिथे मी हा विषय ठेवणार आहे. तुमच्या शाळेतही ठेवा, आणि काय उत्तरं आली ते खाली लिहा, नकार असतील तर तेही. तोवर एक विनंती. दिवाळीची साफसफाई सुरू झाली आहे. माळ्यावरची पोती रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा, आणि चौकोनात रंगवलेलं काही दिसलं तर फोटो काढून ठेवा, मागे आजोबांचं नाव आणि साल लिहा.