सातबाऱ्यासाठी आठवी पिढी

कोकणातल्या सातबाऱ्यावर पणजोबांचे नाव अजून सुखाने नांदत असते. तो सातबारा काढून देणाऱ्या संगणकाच्या प्रोसेसरची मात्र सातवी पिढीसुद्धा आता बाद झाली. विंडोज १०ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर हवा. रत्नागिरीची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि विजेचा लपंडाव यांना पुरून उरलेले यंत्र या कागदावर नापास होते.

१९९५च्या ऑगस्टात १५ तारखेला विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्यांना खुले केले आणि २४ला विंडोज ९५ बाजारात आले. इंटरनेटची टीसीपी/आयपी ही भाषा त्याला अंगचीच येत होती, आणि किमान रॅम होती ४ एमबी. आज किमान मागणी हजारपट झाली. सातबारा काही हजारपट लांबला नाही. वाढले ते फक्त वारस.

हा सगळा कंपन्यांचा लोभ आहे, असेही नाही. इंटरनेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद ठेवणाऱ्या टीएलएसची जुनी कुलुपे कच्ची ठरली, म्हणून ती २०२१मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाली. पैशांचा व्यवहार जुन्या कुलपावर कोणी करू नये. पण कुलूप बदलायचे म्हणून घरच पाडायचे का? शिवाय विंडोज ११च्या होम आवृत्तीला पहिल्या मांडणीपासूनच इंटरनेट लागते. आषाढात लाइन गेली, की नवा संगणकही जुन्याच्या शेजारी गप्प बसतो.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जुन्या हापूस बागांचे पुनरुज्जीवन शिकवले: झाड तोडायचे नाही, फांद्या छाटायच्या आणि नव्या फुटव्याला जागा द्यायची. जुन्या संगणकावरचा हा फुटवा म्हणजे लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली. सी-डॅकची ‘बॉस’ ही त्याची देशी जात. आपली संकेतस्थळे, डिजिटल सह्या आणि प्रिंटर त्यावर चालतात की नाही, एवढे सरकारने तपासावे. तपासायला नवाच संगणक लागणार असेल, तर तोही घ्यावा. एकच.