पोटावरचा हात आणि पडद्यावरचे चित्र

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल वडगाव मागे टाकून कान्हे स्थानकात थांबते. कान्हे फाट्यावरून एक रस्ता टाकवे बुद्रुकमार्गे आंदर मावळात शिरतो. त्या बाजूच्या ठाकर-कातकरी वाड्यांतून गर्भवती तपासणीसाठी खाली येते, तेव्हा दिवसाची मजुरी बुडालेली असते आणि भाताच्या लावणीचे दिवस असतील तर घरचा रोषही पत्करलेला असतो. एवढ्या खटाटोपानंतर तिला नेमके काय मिळावे, हा प्रश्न यंत्रांच्या झगमगाटात मागे पडू लागला आहे.

‘सोनोग्राफी नॉर्मल आहे’ हे वाक्य ऐकले की शहरातील सुशिक्षित कुटुंबही निर्धास्त होते. वस्तुतः सोनोग्राफीच्या पडद्यावर मातेचा रक्तदाब दिसत नाही आणि तिच्या रक्तातील हिमोग्लोबिनही दिसत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील शंभरांपैकी पंचेचाळीसहून अधिक गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. हा दोष शोधायला रक्ताचा एक थेंब पुरतो आणि तो दूर करायला लोहाच्या गोळ्या व पोटभर अन्न लागते. पायावरची सूज, लघवीतील प्रथिने, वजनाची वाढ, पोटावर हात ठेवून जोखलेली गर्भाची वाढ आणि स्थिती, ही कामे अनुभवी परिचारिका अल्प साधनांनिशी करू शकते. शिवाय हाताने तपासणारी व्यक्ती बोलते, विचारते. सासू जेवू घालते की नाही, हे कोणतेही यंत्र विचारत नाही.

म्हणून सुईणीच्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. चरक-सुश्रुतांनी गर्भिणीची मासानुमासिक परिचर्या सांगितली आणि अडलेल्या गर्भासाठी शस्त्रकर्मही सांगितले. पुढे ते ज्ञान समाजात झिरपले नाही, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे तान्हे मूल उपचाराअभावी गेले. त्याच आनंदीबाईंनी १८८६मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेताना प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. परंपरेचा अभिमान आणि आधुनिक विद्येची ओढ त्यांच्या ठायी एकत्र नांदत होती. वार खाली असल्याचे, जुळे असल्याचे किंवा गर्भातील व्यंग वेळीच कळते ते सोनोग्राफीमुळेच. रक्तस्राव सुरू झालेल्या स्त्रीला तर शस्त्रक्रियागृह, रक्तपेढी आणि दाराशी उभे वाहन हवे. तेथे मायेचा हात अपुरा पडतो.

यंत्राने आपल्याला आणखी एक कटू धडा शिकवला आहे. गर्भलिंगचाचणीवर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम, १९८८मध्ये केला; तरी राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१च्या जनगणनेतील ९१३वरून २०११मध्ये ८९४वर आली. यात पापभीरू म्हणवणारी, सुस्थितीतील घरे कमी नव्हती. शस्त्रक्रियांचेही तेच. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात देशातील खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या होत्या, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. अवघड प्रसूती खासगीकडेच अधिक जातात असे म्हणावे, तर एवढी तफावत त्याने उलगडत नाही. मुहूर्त पाहून शस्त्रक्रियेची वेळ मागणारे नातेवाईक या आकड्यात आहेत, हेही लपवण्यात अर्थ नाही.

२०१६पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी होते. आंदर मावळातील वाडीवरच्या बाईला त्या दिवशी मजुरी सोडता येणे, कान्ह्यापर्यंत आणि परत जाण्यास वाहन मिळणे, आणि घरी गेल्यावर आशाताईने आठवड्याभरात पुन्हा दार ठोठावणे, या तीन गोष्टींसाठी कोणतेही नवे यंत्र खरेदी करावे लागत नाही. वाहन तर फाट्यावरच्या अनेक घरांसमोर उभेच असते.