फलकावर न आलेली दोन बोटं

मार्च उजाडला की आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांमध्ये सुरक्षा सप्ताहाची गडबड सुरू होते. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. तिथून पुढे आठवडाभर घोषवाक्यं, पोस्टर, निबंध अशा स्पर्धा चालतात. गेल्या सुरक्षा सप्ताहात एका मोठ्या कंपनीने कर्मचाऱ्यांच्या घरच्या मंडळींसाठी रांगोळी स्पर्धा ठेवली होती आणि परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं.

खरं सांगते, मी भारावून गेले. फाटकावरच माझ्या डोक्यावर हेल्मेट आणि डोळ्यांवर चष्मा चढवला गेला. आत पिवळ्या पट्ट्यांच्या मधूनच चालायचं, जिन्यावर कठडा धरायचा, मोबाइलवर बोलत जायचं नाही. कुठे नुसतं तेल सांडून कुणी घसरता घसरता वाचलं, तरी त्याची नोंद होते म्हणे, म्हणजे पुढचा माणूस पडण्याआधीच जागा साफ होते. दवाखाना, रुग्णवाहिका, दरवर्षीची तपासणी, सगळं चोख. आणि फाटकाशी मोठा फलक : 'अपघाताविना ७१२ दिवस'. रांगोळ्याही सुंदर होत्या. एकीने हेल्मेट घातलेला बाबा आणि दारात वाट बघणारी छोटी मुलगी काढली होती. पहिला नंबर तिलाच दिला.

पण त्या रांगोळीपुढे उभी असताना मला राहून राहून आठवत होती ती आमच्या बचत गटातली मैत्रीण. 'नाव नका लिहू ताई' म्हणालीय, म्हणून लिहीत नाही. लातूरकडची. नवऱ्याबरोबर भोसरीला आली आणि एका छोट्या शेडमध्ये हेल्पर म्हणून लागली. कागदोपत्री हेल्पर, प्रत्यक्षात पॉवर प्रेसवर. पत्रा डायवर ठेवायचा, बटण दाबायचं, पीस काढायचा. दिवसाला हजारो वेळा. एका संध्याकाळी तिच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या प्रेसने नेली.

"अगं, पण त्या मशिनला काही सोय नसते का?" मी विचारलं होतं.

"असती की ताई. दोन बटनं असतेत. दोन्ही हातानं दाबली तरच प्रेस खाली येती. पर आमच्याकडं एक बटन चिकटपट्टी लावून दाबूनच ठेवलेलं असायचं. नाहीतर माल कवा निघायचा?"

त्या चिकटपट्टीत सगळी गोष्ट आली. दोन बटणांची युक्ती अशासाठी असते, की दोन्ही हात बटणांवर गुंतले तर तिसरा हात डायखाली जाणार कुठून? त्याहून चांगली सोय म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा सेन्सर. हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबतो. सोय ठाऊक आहे, बाजारात मिळते. पण दोन पीस जास्त निघावेत म्हणून ती बंद केली जाते, नाहीतर बसवलीच जात नाही. मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत हात गमावलेल्या कामगारांसाठी 'सेफ इन इंडिया' ही संस्था हरियाणातल्या मानेसर भागात आधीपासून काम करते. तिच्या वार्षिक अहवालांतही वारंवार हेच येतं : तुटलेली बोटं, सेन्सर नसलेले प्रेस, लांबलचक पाळ्या आणि अपघातानंतर घाईघाईने काढलेलं विम्याचं कार्ड.

तिचा पीस कुठे जायचा? एका मोठ्या पुरवठादाराकडे, आणि तिथून एका मोठ्या कंपनीत. मी गेले त्याच कंपनीत जायचा असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. पण कुठल्या तरी फाटकावरच्या फलकावर त्या संध्याकाळीही 'अपघाताविना' दिवस एकाने वाढलाच असणार. कारण तिची बोटं फाटकाबाहेर तुटली.

चहाच्या वेळी मी सुरक्षा अधिकाऱ्यांना हे सांगितलं. सज्जन माणूस. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मॅडम, तो आमच्या हद्दीबाहेरचा विषय आहे."

मला हे पटलं नाही. कारण त्याच पुरवठादाराच्या पिसाचं माप केसभर चुकलं तर अख्खा लॉट परत जातो. त्याच्या शेडपर्यंत कंपनीची माणसं जातात, गेज लावून तपासतात, रजिस्टर बघतात. म्हणजे दर्जासाठी हद्द शेडपर्यंत पोचते आणि बोटांसाठी मात्र फाटकाशी थांबते! जो तपासनीस पीस मोजायला जातो, त्याने मान वर करून प्रेसवर सेन्सर आहे का, दोन्ही बटणं मोकळी आहेत का, एवढं बघितलं तर काय बिघडेल? 'सेन्सर नाही तर ऑर्डर नाही' हे एक वाक्य खरेदी विभागाने लिहिलं, तर हजार घोषवाक्यांचं काम होईल.

दुसरी गोष्ट म्हणजे घोषवाक्यांचीच. 'सावध राहा, सुरक्षित राहा' हे ऐकायला छान आहे. पण त्यात नकळत दोष कामगाराच्या माथी जातो. आपल्या स्वयंपाकघरात बघा ना. कुकरवर 'सावध राहा' अशी पाटी नसते. त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. शिट्टीत डाळ अडकली, आपलं लक्ष दारावरच्या भाजीवाल्याकडे गेलं, तरी कुकर फुटू नये म्हणून. फूड प्रोसेसरचं झाकण नीट बसलं नाही तर तो सुरूच होत नाही. बाई दमेल, विसरेल, चुकेल, हे बनवणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. बारा तास उभं राहणाऱ्या बाईच्या प्रेसबद्दल आपण हे का धरत नाही? सुरक्षेचं शास्त्रही हेच सांगतं की आधी धोका काढा, नाहीतर मशिनमध्येच अडवा. हातमोजे आणि सूचना अगदी शेवटी. आणि ते हातमोजे, बूटही बहुतेक पुरुषांच्या मापाचे! सैल हातमोज्यात बाईचा हात जास्तच धोक्यात.

नुसती यंत्रणा असून भागत नाही, ती चालू असावी लागते, हे आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन शिकायला हवं होतं. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायू सुटला त्या रात्री तो अडवणाऱ्या यंत्रणा कारखान्यात होत्या, पण त्या बंद किंवा नादुरुस्त होत्या. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात सुधारणा झाली. सुरक्षा समितीत कामगारांना जागा मिळाली आणि कामातला धोका समजून घेण्याचा हक्कही. तरीही ७ जून २०२१ ला मुळशी तालुक्यातल्या उरवडे इथे रासायनिक कारखान्याला आग लागली. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्याला वाढदिवसाच्या केकवर लावायच्या शोभेच्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली. दोन्हीकडे गेलेल्यांत बहुतेक बायकाच होत्या. हातावर पोट असलेल्या, तुमच्या-माझ्यासारख्या कुणाच्या तरी आई.

आता नवी कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यावं लागतं. बायकांना रात्रपाळी त्यांच्या संमतीनेच आणि सुरक्षेची सोय करूनच देता येते. हे चांगलं आहे. पण सुरक्षा अधिकारी सक्तीचा होतो तो साधारण कारखान्यात पाचशे कामगार असतील तेव्हा. आणि वीज वापरणाऱ्या जागी वीस कामगार असतील तरच ती कायद्याच्या भाषेत 'कारखाना'. माझ्या मैत्रिणीच्या शेडमध्ये चौदाजण होते. म्हणून तर मोठ्या कंपन्यांनी पुढे यायला हवं. जिथे कायद्याचा हात तोकडा पडतो, तिथे त्यांच्या ऑर्डरचा हात सहज पोचतो.

आणि आपण? ज्यांच्या घरातलं कुणी नोकरीला जातं त्यांनी एक चौकशी आजच करा. राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, नाव घातलंय का? कार्ड हातात आहे का? कामावर इजा झाली तर तिचे लाभ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळतात. सुटीच्या काळात पगाराच्या नव्वद टक्के रक्कम मिळते, कायमचं अपंगत्व आलं तर पेन्शन. माझ्या मैत्रिणीचं कार्ड निघालं ते बोटं तुटल्यानंतर. आधी मालक खासगी दवाखान्यात टाके घालून 'वीस हजार घे आणि गप्प बस' म्हणत होता. आम्ही गटातल्या चौघी तिच्याबरोबर हेलपाटे घालत राहिलो म्हणून कागद झाले. आणि ज्यांचे यजमान, मुलं, मुली कंपन्यांत खरेदीला, दर्जा विभागात, व्यवस्थापनात आहेत त्यांनी जेवताना एकदा विचारावं, "आपला माल जिथून येतो तिथल्या प्रेसवर सेन्सर आहे का?" तुम्ही स्वतः नोकरी करत असाल तर ऑफिस झाडणाऱ्या, कॅन्टीनमध्ये राबणाऱ्या मावशींना विचारा, दरवर्षीच्या तपासणीत त्यांचं नाव असतं का? ठेकेदाराच्या असल्या तरी फरशी त्या आपलीच पुसतात.

सुरक्षा सप्ताहाच्या अगदी मधोमध ८ मार्च, महिला दिन येतो. आमच्या गटात त्या दिवशी तिने बक्षीस म्हणून मिळालेलं पातेलं डाव्या हाताने घेतलं. उजवा हात ती पदराखालीच ठेवते. आता ती पॅकिंगला जाते, पगार कमी आहे, पण प्रेस नको म्हणते.

त्या कंपनीत मला पुन्हा परीक्षक म्हणून बोलावतील की नाही, माहीत नाही. बोलावलं तर जरूर जाईन. पण रांगोळ्यांकडे वळण्याआधी फाटकाशी थांबेन. त्या फलकाशेजारी पुरवठादारांच्या शेडचा आकडा सांगणारा दुसरा फलक लागलाय का, ते बघेन. त्यावर शून्य नसेल तरी चालेल. खरा आकडा असला, की तो कमी करायला सुरुवात तरी होईल.