उपग्रहाला नाल्याचं पाणी दिसत नाही

गाडीवाट : साप्ताहिक स्तंभ

महागावकडून फुलसावंगीला आणि तिथून पुढे ढाणकी, बिटरगाव किंवा माहूरकडे गाडीने जाणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते : ‘रेंज गेली, जीपीएस बंद पडलं.’ यातली पहिली गोष्ट खरी, दुसरी चुकीची. जीपीएसला रेंज लागतच नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह वेळेचा संदेश सतत खाली पाठवत असतात. त्यातले चार नीट ऐकू आले की यंत्र आपली जागा काढतं. त्याला ना सिमकार्ड लागतं, ना रिचार्ज. अडतो तो नकाशा; कारण तो फोनमध्ये नसतोच, नेटवरून तुकड्यातुकड्याने येत असतो.

हा फरक लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्या जुन्या मंडळींना पक्का ठाऊक होता. नागरी जीपीएसमध्ये अमेरिकेने मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली आणि शंभर मीटरपर्यंत हुकणारी जागा दहा-वीस मीटरवर आली. पुढे लॅपटॉपला यूएसबीने जोडायचे रिसीव्हर स्वस्त झाले. तळहातात मावणारी डबी, तिच्या बुडाशी लोहचुंबक. डबी टपावर चिकटवायची, वायर खिडकीतून आत घ्यायची. मग दर सेकंदाला वेळ, अक्षांश, रेखांश आणि उपग्रहांची संख्या लॅपटॉपवर येत राहायची. कधी कधी विंडोज या डबीलाच माऊस समजायचं आणि पडद्यावरचा बाण सैरावैरा पळायचा. पण एकदा घडी बसली की जागा आकाशातून मिळायची, नकाशा हार्डडिस्कवर असायचा आणि रस्ता माणसं ठरवायची. तिन्ही कामं वेगळी, त्यामुळे चूक झाली तर कुठे झाली हे कळायचं.

फोनने ही तिन्ही कामं एका निळ्या रेघेत मिसळून टाकली. शहरात ते सोयीचंच आहे. आपल्याकडे मात्र ती पुन्हा वेगळी करायला हवीत आणि त्याला खर्चही फारसा नाही. निघण्याआधी घरच्या वायफायवर यवतमाळ, हिंगोली आणि नांदेड या तिन्ही जिल्ह्यांचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. पैनगंगा ओलांडली की जिल्हा बदलतो, म्हणून एकट्या यवतमाळने भागत नाही. जुना लॅपटॉप पडून असेल तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आणि ओपनस्ट्रीटमॅपचा मोफत नकाशा त्यात टाका, यूएसबी रिसीव्हर जोडा. मोठ्या पडद्यावर सगळा तालुका एका नजरेत येतो. फोनवर पुढचं वळण तेवढं दिसतं. रिसीव्हर मात्र हवाच. बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएसची चिप नसते. आजूबाजूची वायफाय किंवा इंटरनेटचं कनेक्शन पाहून ते जागेचा अंदाज करतात, आणि आडगावात तो अंदाज तुम्हाला खुशाल नागपुरात नेऊन बसवतो.

आणखी एक. फोन पटकन जागा दाखवतो, कारण कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती तो नेटवरून आधीच घेतो. नेट नसलं की तीच माहिती उपग्रहाकडून सावकाश घ्यावी लागते. अशा वेळी झाडाखालून गाडी बाहेर काढून मोकळ्या आभाळाखाली दोन-चार मिनिटं थांबावं. फोन बंद-चालू करत बसू नये.

इतकं सगळं जमलं तरी यंत्र फक्त ‘तुम्ही इथे आहात’ एवढंच सांगतं. पुढच्या फरशी पुलावरून पाणी वाहतंय का, हे त्याला माहीत नसतं. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली गाडी फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर रात्री अकोले तालुक्यातल्या कोतूळच्या जुन्या पुलावर गेली. तो पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे वाचले, चालक गेला. जागा बरोबर होती, नकाशावर रस्ताही होता. त्यावर पाणी आहे, हे तेवढं नकाशात नव्हतं. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर नांदेडहून नागपूरला जाणारी एसटी वाहून गेली आणि माणसं दगावली. एसटी काही अनोळखी वाटेने चाललेली नव्हती. पूर आला की नेहमीचा रस्तासुद्धा परका होतो.

म्हणून रस्ता ठरवायचं तिसरं काम माणसांकडेच ठेवावं. फुलसावंगीच्या बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर, दुधाची गाडी घेऊन आलेल्या पोराला विचारा. ‘तिकून नोका जाऊ, नाल्याले पूर हाय’ हे वाक्य कोणताही उपग्रह पाठवत नाही. आणि पडदा, लॅपटॉपचा असो की फोनचा, शेजारी बसलेल्याने सांभाळावा. २०२० मध्ये बदललेला वाहतुकीचा नियम वाट शोधण्यापुरता फोन वापरू देतो, पण चालकाचं लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. मांडीवर लॅपटॉप घेऊन गाडी चालवणाऱ्यासाठी तो नियम नाही.

राहिला नकाशा. तो वाईट असेल तर दोष थोडा आपलाही आहे. महागाव, पुसद, उमरखेड या भागातले किती तरी तांडे नकाशावर नावाशिवाय पडलेले आहेत. तांड्याला जाणारी पांदण कुठे आहे, कुठे नाही. नुसतं ‘सावंगी’ टाकून शोधलं, तर वर्ध्याजवळची दवाखान्यासाठी प्रसिद्ध सावंगी मेघे समोर येऊ शकते. ओपनस्ट्रीटमॅप कोणालाही दुरुस्त करता येतो. त्याला परवानगी लागत नाही, पैसेही नाहीत.

महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरांनी या हिवाळी शिबिरात एवढं एक काम अंगावर घ्यावं. एक लॅपटॉप, एक रिसीव्हर घेऊन आपल्या तालुक्यातला प्रत्येक तांडा नावानिशी आणि पावसाळ्यात बुडणारा प्रत्येक फरशी पूल नकाशावर नोंदवावा. जूनमध्ये पहिला पूर येईल, त्याच्या आत हे झालं पाहिजे.

– वाटसरू