फोटोंचा रोजमेळ

चार वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू गेले, त्या रात्रीपासून प्रारंभ केला पाहिजे. दुसऱ्या दिवशीच्या श्रद्धांजली सभेसाठी आणि पुढे घरात लावायच्या तसबिरीसाठी दादांचे एक छायाचित्र हवे होते. घरातला ‘फोटोवाला’ मीच. निवृत्तीच्या रकमेतून बऱ्यापैकी कॅमेरा घेतलेला, फोन, कार्डे, संगणक आणि एक हार्ड डिस्क मिळून अकरा हजारांवर चित्रे साठलेली. आम्ही काका-पुतणे रात्री दोनपर्यंत शोधत होतो. अखेर कोणत्याशा लग्नातले, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविलेले एक समूहचित्र हाती लागले आणि त्यातून दादांचा चेहरा कापून काढावा लागला. वहिनी उंबऱ्याशी उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, इतके फोटो काढता तुम्ही, आणि यांचा एकही नाही?”

पुढे हिशेब केला, तेव्हा तसबीर का बिघडली ते उमगले. हातात धरून पाहायच्या छापील चित्रासाठी दर इंचाला ३०० पिक्सेल धरतात. भिंतीवरच्या चित्राला याच्या निम्मे असले तरी निभावते. आमची तसबीर १२ इंच रुंदीची, म्हणजे ३,६०० नव्हेत तरी १,८०० पिक्सेल हवे होते. कापलेल्या चेहऱ्याचे पिक्सेल होते २४०. इंचाला २०! दादांचा चेहरा चौकटी-चौकटींचा होऊन भिंतीवर गेला आणि आजही तिथेच आहे.

बँकेतील चौतीस वर्षांत रोकड जुळल्यावाचून मी एकाही दिवशी घरी गेलो नाही. आपल्या पेढ्यांवरही रोजमेळ लिहिल्याशिवाय दिवा मालवत नसत. मग चित्रांच्या बाबतीतच ही बेपर्वाई का? याचे उत्तर सोपे आहे. रीळ होते तेव्हा ३६ चित्रांना मोल होते. डिजिटलमध्ये पुढचे चित्र फुकट झाले, आणि फुकट वस्तूचा हिशेब कोण ठेवतो? या सदरात आजवर मी ठेवी, वारसनोंदी, विमा यांविषयी लिहीत आलो. या महिन्यात, गेल्या चार वर्षांत चाचपडत बसविलेली माझी चित्रांची कार्यपद्धती मांडतो.

पहिला नियम असा की कॅमेऱ्यातले कार्ड म्हणजे गल्ला, तिजोरी नव्हे. ज्या दिवशी चित्रे काढली त्याच रात्री ती संगणकावर आणि एका बाहेरच्या डिस्कवर उतरवायची, दोन्हीकडची संख्या ताडून पाहायची आणि मगच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचे. त्या रात्री कंटाळा केला की पुढचे सारे बिघडते. दुसरे म्हणजे कॅमेऱ्याचे घड्याळ. प्रत्येक चित्राच्या पोटात त्याची तारीख-वेळ नोंदलेली असते. बॅटरी पुरती उतरून घड्याळ मागे गेले आणि आपण ‘पाहू नंतर’ म्हटले, तर आमच्या एका दिवाळीसारखी गत होते. संगणकाच्या मते ती दिवाळी माझ्या निवृत्तीआधीच, कॅमेरा विकत घेण्यापूर्वीच साजरी झाली आहे.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि नंतर स्थळ व प्रसंग असा क्रम ठेवतो. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिला, तर संगणक साऱ्या महिन्यांच्या एक तारखा शेजारी-शेजारी बसवितो. वर्ष आधी लिहिले की कालक्रम आपोआप लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या चित्राच्या नावातील तारखेवर मात्र विसंबू नये. ती चित्र आल्याची तारीख असते, काढल्याची नव्हे. शिवाय वाटेत चित्राचा आकार घटतो आणि पोटातली मूळ नोंदही गळून पडते. नातलगांकडून महत्त्वाचे चित्र मागवायचे असेल तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असे सांगावे. मूळ फाइल जशीच्या तशी येते.

यानंतरची पायरी निवडीची, आणि व्यापारी घरात जन्मलेल्याला ती सर्वांत जड. आपल्याकडे सुतळीचा तुकडाही टाकत नाहीत. पण एकाच आरतीची चाळीस चित्रे ठेवणे म्हणजे त्यातले एकही न पाहणे होय. मी प्रथम मिटलेले डोळे, हललेला हात, चुकून निघालेली फरशी काढून टाकतो. चार दिवसांनी पुन्हा बसून एकसारख्यांतले एक ठेवतो. तीनशेंतून साठ उरले तर निवड बरी झाली असे समजतो. ज्यातील माणसे वा वर्ष ओळखू येत नाही ती चित्रे उचंत खात्यात जातात. दिवाळीला सारे कुटुंब जमते तेव्हा ते खाते उघडून ज्येष्ठांपुढे धरायचे. एका बसकीत वीस-पंचवीस नावे लागतात आणि चार नवे वादही निघतात.

उरलेल्या चित्रांची खतावणी करायची, म्हणजे प्रत्येक चित्राला व्यक्ती, स्थळ, प्रसंग यांच्या खुणा लावायच्या. यासाठी मी डिजिकॅम हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरतो. वहीतल्या खतावणीपेक्षा इथे एक सोय अधिक आहे. एकच चित्र ‘आई’, ‘लोणार’ आणि ‘पुतण्याचे लग्न’ अशा तिन्ही खात्यांत जमा होऊ शकते, त्याच्या तीन प्रती कराव्या लागत नाहीत. जुन्या अकरा हजारांची खतावणी पुरी व्हायला चौदा महिने लागले. मग तेरीज काढली. लोणारचे ४१२. दुकानातील चांदीचे ६००च्या वर. दादांचे नऊ, आणि त्यांतील पाचांत ते पाठमोरे.

तो आकडा पाहून मी संगणक बंद केला आणि दोन दिवस उघडला नाही.

आता थोडे प्रत्यक्ष छायाचित्रणाविषयी. खामगावची ओळख रजतनगरी अशी, आणि हल्ली गिऱ्हाईक ताट-तांब्याचे चित्र आधी फोनवर मागते. चांदी टिपणे मात्र कठीण. चकाकता पेला म्हणजे आरसाच. माझ्या पहिल्या चित्रांत प्रत्येक पेल्यात चौकड्यांचा सदरा घातलेला एक गृहस्थ उभा होता. उपाय घरगुती आहे. खिडकीचा मऊ प्रकाश घ्यावा, वस्तूभोवती धुतलेल्या पांढऱ्या धोतराचा तंबू करावा, त्याला भिंगापुरते भोक ठेवावे आणि फ्लॅश बंद करावा. तरीही चांदी राखी आली तर दोष प्रकाशमापकाचा. समोरचे जग मध्यम राखाडी आहे असे ढोबळमानाने धरून कॅमेरा प्रकाश ठरवितो. सगळे पांढरे असले की तो ते काळवंडवितो, म्हणून भरपाईचा आकडा अधिकात न्यायचा. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरातल्या काळसर दगडांपुढे नेमके उलटे होते. तिथे तो दगडांना धुरकट करतो, म्हणून आकडा उण्यात. ही एक गोष्ट कळायला मला दीड वर्ष लागले.

संगणकावर चित्र सुधारताना कुठे थांबायचे, हा प्रश्नही मला लोणारनेच घातला. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. टाळेबंदीमुळे जाणे झाले नाही, पण आठ दिवसांत फोनवर पंधरा-वीस चित्रे येऊन पडली आणि प्रत्येकातला गुलाबी निराळा! कुठे फिकट विटकरी, कुठे सरबतासारखा. मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. परंतु माझ्याकडच्या चित्रांपैकी पाण्याचा खरा रंग कोणत्यात आहे, हे मला आजही सांगता येणार नाही, कारण प्रत्येकाने रंग थोडा ‘चढवून’ पाठविला होता. तेव्हापासून मूळ फाइल हे व्हाउचर मानतो. व्हाउचरवर खाडाखोड चालत नाही. कॅमेऱ्यात ‘रॉ’ नावाचा प्रकार असतो. त्यात भिंगातून आलेली सारी माहिती कच्च्या स्वरूपात राहते, आणि सुधारणा निराळ्या नोंदवल्या जाऊन मूळ अबाधित राहते. फाइल कितीतरी जड होते, म्हणून चांदी, शिल्पे आणि लोणार यांसाठीच तो वापरतो. वाढदिवसाच्या केकला साधे जेपेग पुष्कळ झाले. पहिल्या चित्रात एक कोरा पांढरा कागद धरावा. ट्यूबलाइटचा हिरवट झाक, पिवळा दिवा, साऱ्याची दुरुस्ती त्या कागदावरून करता येते.

मांडणीचे काम, म्हणजे निमंत्रणपत्रिका, दुकानाचे सूचिपत्र, कुटुंबाचा अल्बम, यांत मी अजून विद्यार्थी आहे. दोन गोष्टी मात्र खात्रीने सांगतो. मजकूर आधी कागदावर पक्का करावा, घरच्या ज्येष्ठाची त्यावर सही घ्यावी आणि मगच संगणकाला हात लावावा. पत्रिकेत रंगसंगतीवरून कुणी रुसत नाही, नावांच्या क्रमावरून रुसतात. दुसरे, मजकूर युनिकोडमध्ये निराळा जपावा. जुन्या फॉन्टमध्ये बसविलेल्या आमच्या वीस वर्षांपूर्वीच्या वंशावळीची फाइल आज उघडली की पणजोबांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. एक छापील प्रत शिल्लक होती म्हणून निभावले.

राहता राहिली अभिरक्षा. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी, हा जगभर पाळला जाणारा नियम मीही पाळतो. एक प्रत संगणकात, एक कपाटातल्या डिस्कवर, तिसरी मुलीकडे पुण्याला. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या एका खिशात ठेवीत नाहीत, तसेच हे. दर तिमाहीला अचानक तपासणी करतो. डिस्कवरची कोणतीही दहा चित्रे उघडून पाहायची. मागच्या वर्षी दहांतली तीन उघडेनात. डिस्क तेव्हाच बदलली, एकही चित्र गेले नाही. ही सारी व्यवस्था कुठे आहे आणि पासवर्ड काय, हे एका कागदावर लिहून मृत्युपत्राच्या लखोट्यात ठेवले आहे. पुतण्याला ते ठाऊक आहे.

त्या नऊ चित्रांनंतर एक नवे खातेही उघडले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरातील एका माणसाचे, त्याला समोर बसवून, खिडकीच्या उजेडात, एकच चित्र काढायचे. आई झाली, मुलगी-जावई झाले, दुकानातले जुने मुनीमजी झाले. वहिनी तेवढ्या दोन वर्षे टाळत होत्या. “आता माझा कशाला, भाऊजी?” गेल्या महिन्यात मी काही विचारले नाही. नुसता कॅमेरा घेऊन ओसरीवर बसलो. त्या तांदूळ निवडीत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी ताट बाजूला सारले, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “तसबिरीएवढा मोठा होईल असा काढा.”

सहा हजार पिक्सेलांचा निघाला. त्याच रात्री तिन्ही ठिकाणी जमा केला.